जेएआयआयबी दहा दिवसांवर आली आणि पुस्तकं कोरीच आहेत?

मे महिना. शाखेत पीककर्ज नूतनीकरणाची रांग दारापर्यंत, सर्व्हर मधूनच झोपतो, पंखा गरम हवाच फिरवतो. आणि संध्याकाळी शटर ओढताना आठवतं, जेएआयआयबीचा, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचा, पहिला पेपर पुढच्या आठवड्याअखेर. चार जाडजूड पुस्तकं जानेवारीतच मागवली होती. त्यातल्या तिघांचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

परभणी जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना माझी ही गत दोनदा झाली. पहिल्या खेपेला नापास, दुसऱ्या खेपेला पास. अभ्यासाला दिवस दोन्ही वेळा साधारण तेवढेच मिळाले होते. पहिल्यांदा मी पुस्तक पान एकपासून वाचायला घेतलं आणि तिसऱ्या प्रकरणात अडकलो. दुसऱ्यांदा काउंटरवर दिवसभर जे हाताखालून जातं, तिथून पुस्तकात शिरलो. ती दुसरी रीत इथे सांगतो.

आज रात्री: आधी पेपर ओळखा

अभ्यासाला हात लावायच्या आधी अर्धा तास यासाठी ठेवा. पेपर चार: इंडियन इकॉनॉमी अँड इंडियन फायनान्शियल सिस्टिम, प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिसेस ऑफ बँकिंग, अकाउंटिंग अँड फायनान्शियल मॅनेजमेंट, रिटेल बँकिंग अँड वेल्थ मॅनेजमेंट. प्रत्येकी 100 गुण, 2 तास, साधारण 100 प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. पास व्हायला 50 हवेत. पण एकाच खेपेत सगळे पेपर देऊन प्रत्येकात किमान 45 आणि एकूण 50 टक्के पडले तरी पास धरतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

हे शेवटचं वाक्य मला माहीत होतं, तरी मी पहिल्या खेपेला अकाउंटिंगचे 9 प्रश्न कोरे सोडून आलो. गणितं सोडवता सोडवता वेळ संपला. गुण पडले 43. त्या नऊ जागी नुसतं 'बी' दाबत गेलो असतो तरी दोनेक लागले असते. त्यानंतर आठवडाभर शाखेत कुणी 'बी' अक्षर उच्चारलं तरी मला राग यायचा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. फेब्रुवारी ते जुलैमधल्या परीक्षेला आधीच्या 31 डिसेंबरपर्यंतचेच नियम आणि घडामोडी धरतात. ऑगस्ट ते जानेवारीमधल्या परीक्षेला 30 जूनपर्यंतचे. त्यामुळे कालचं परिपत्रक व्हॉट्सॲपवर फिरत असेल तर ते शाखेच्या कामासाठी वाचा, पेपरसाठी नको.

पेपर मराठीत नसतो, इंग्रजी किंवा हिंदीत असतो. समजून घेताना खुशाल मराठीत घ्या, पण संज्ञा जशाच्या तशा डोक्यात ठेवा. 'होल्डर इन ड्यू कोर्स'चं (चेक-हुंडी रीतसर मोबदला देऊन घेणारा) भाषांतर करत बसलात तर पर्यायांत तो ओळखू येणार नाही.

उद्यापासून: खिशात एक छोटी वही

कामावर जाताना शंभर पानी छोटी वही घ्या. दिवसभरात काउंटरवर जे येईल त्यातल्या पाच-सहा गोष्टी एकेका ओळीत टिपा. नियम वगैरे काही लिहायचा नाही, फक्त काय झालं ते. रात्री जेवण झाल्यावर त्या ओळींसमोर पुस्तकातला नियम शोधून लिहायचा. एवढंच.

माझ्या वहीतलं एक पान अजून लक्षात आहे. पहिली ओळ होती, 'मोंढ्यातल्या आडत्याचा चेक परत.' रात्री शोधलं: निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट 1881, कलम 138. चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायची मुदत, त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार. हे आकडे मी आधी तीनदा पाठ करून तीनदा विसरलो होतो. पण तो आडत्या काउंटरवर उभा राहून किती मोठ्यानं बोलत होता हे आठवतं, आणि त्याच्याबरोबर 30, 15 आणि एक महिनाही आठवतो.

दुसरी ओळ एका म्हाताऱ्या बाबांची. हातात नोटीस, कपाळाला आठ्या. "सायेब, माझा एकच हंगाम थकलाय, शेजाऱ्याचाबी एकच थकलाय. मग मलाच नोटीस कामून?" बाबांचं कर्ज आडसाली उसावर होतं, शेजाऱ्याचं सोयाबीनवर. पुस्तकात नेमकं हेच आहे. इतर कर्जाला 90 दिवसांहून जास्त थकबाकी झाली की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. शेतीला मात्र पिकाप्रमाणे. अल्प मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकाला एकच. ज्याचा हंगाम वर्षापेक्षा मोठा ते दीर्घ मुदतीचं, आणि हंगाम किती धरायचा हे राज्यस्तरीय बँकर्स समिती ठरवते. सोयाबीन कापून मोकळं झालं तरी आडसाली ऊस फडातच उभा असतो, म्हणून त्याचा एक हंगामही लांबलचक. हा प्रश्न आकडे बदलून, पीक बदलून हमखास येतो, आणि मराठवाड्यातल्या बँकवाल्यानं तो चुकवणं म्हणजे कमालच.

अशा आणखी ओळी तुमच्याही शाखेत रोज पडतात. केवायसी नव्यानं मागितली म्हणून चिडलेला खातेदार: जास्त जोखमीचं खातं असेल तर 2 वर्षांनी, मध्यम 8, कमी 10. "बँक बुडाली तर माझ्या ठेवीचं काय?" विचारणाऱ्या बाई: विमा 5 लाखांपर्यंत, 4 फेब्रुवारी 2020 पासून, मुद्दल आणि व्याज धरून, एकाच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. वारस नोंद करायला आलेली दोन भावंडं: नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक ठरत नाही, आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेव खात्याला चार नॉमिनी लावता येतात.

पाच-सहा दिवसांत तीसेक ओळी जमतात. प्रिन्सिपल्सचा बराचसा पेपर आणि रिटेलचाही मोठा तुकडा त्यातच येतो.

पण शाखेची सवय म्हणजे नियम नव्हे

ही रीत जिथे फसते ते ठिकाणही सांगतो. "आमच्याकडे तर असंच करतात" म्हणून उत्तर टाकलं की घात होतो. ग्रामीण बँकेतल्या सहकाऱ्यांना प्राधान्य क्षेत्राचं (शेती, लघुउद्योग अशांना द्यायच्या कर्जाचं) उद्दिष्ट 75 टक्के तोंडपाठ असतं, कारण त्यांना तेच लागू आहे. प्रश्न व्यापारी बँकेचा असेल तर उत्तर 40. शेतीला त्यातले 18.

तसंच कर्जकबुलीचं, म्हणजे कर्ज मान्य असल्याच्या सहीचं. वसुलीच्या गडबडीत कुणीतरी म्हणतं, "सही नंतर घेऊ." डिमांड प्रॉमिसरी नोटेची (मागताच पैसे द्यायच्या वचनपत्राची) मुदत तीन वर्षं, आणि ती संपायच्या आत घेतलेली कबुलीच मुदत वाढवते. सरफेसीच्या 2002 च्या कायद्यात 60 दिवसांची नोटीस देऊन तारण ताब्यात घेता येतं. शेतजमिनीला तो लागू होत नाही. वहीत अशा ओळींवर लाल पेनानं खूण करा. परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त लाल ओळी वाचायच्या.

तारखा: आजोबांना विचारा

इकॉनॉमीचा पेपर तारखांनी भरलेला. इथेही जवळचं काही सापडतं का ते बघा. आमच्याकडची जुनी माणसं स्टेट बँकेच्या काही शाखांना अजून 'हैदराबाद बँक' म्हणतात. ती निजामाच्या राज्यात 1941 साली निघाली आणि 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत विलीन झाली. या एका धाग्यावर बाकीच्या तारखा ओवता येतात: रिझर्व्ह बँक 1 एप्रिल 1935, स्टेट बँक 1 जुलै 1955, चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण 19 जुलै 1969, आणखी सहा 15 एप्रिल 1980, नाबार्ड 12 जुलै 1982.

ग्रामीण बँका 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाल्या. भांडवल केंद्र 50, राज्य 15, प्रायोजक बँक 35. नांदेडची मराठवाडा ग्रामीण बँक 2009 मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, आणि 1 मे 2025 पासून विदर्भ-कोकणची बँकही त्यात येऊन राज्यात एकच उरली. देशभरात 43 च्या 28 झाल्या. जीडीपी, महागाई मोजण्याच्या पद्धती, जागतिक संस्था यांना एक संध्याकाळ द्या, जास्त नको.

अकाउंटिंग: रोज चाळीस मिनिटं, कॅल्क्युलेटर हातात घेऊन

हा पेपर वाचून होत नाही. पहाटे साडेचारला, उकाडा चढायच्या आत, रोज चाळीस मिनिटं फक्त गणितं. घसारा, बँक रिकन्सिलिएशन (आपली वही आणि बँकेचा हिशेब जुळवणं), गुणोत्तरं, ईएमआय आणि पैशाचं कालमूल्य, एवढ्यावरच जोर लावा.

साध्या कॅल्क्युलेटरवर घात काढायची युक्ती आत्ताच हाताला लावून घ्या. 1 लाखाचं कर्ज, दरमहा 1 टक्का, 12 हप्ते. आधी 1.01 चा बारावा घात हवा. 1.01 दाबा, मग गुणाकाराचं बटण (काही यंत्रांवर ते दोनदा दाबावं लागतं), मग बरोबर-चिन्ह अकरा वेळा. उत्तर 1.126825. यातून 1 वजा केला की 0.126825. आता 1,00,000 गुणिले 0.01 म्हणजे 1,000, त्याला 1.126825 नं गुणा आणि 0.126825 नं भागा. हप्ता 8,884.88. शाखेच्या सिस्टिममध्ये तेच कर्ज टाकून पडताळून बघा, मजा येते. अकराऐवजी बारा वेळा दाबलं की सगळं बिघडतं, म्हणून बोटावर मोजत दाबा. कोणतं कॅल्क्युलेटर चालेल ते प्रवेशपत्रावरच्या सूचनांत वाचा.

शेवटचे तीन दिवस

रोज एक सराव पेपर, घड्याळ लावून, मधे न उठता. तीन फेऱ्यांत सोडवा: पहिल्या फेरीत येणारे, दुसरीत गणितं, शेवटची दहा मिनिटं उरलेल्या सगळ्यांना काहीतरी उत्तर द्यायला. मोबाइलवर फिरणाऱ्या आठवून लिहिलेल्या प्रश्नांमधली उत्तरं अनेकदा चुकीची असतात. प्रश्न घ्या, उत्तर पुस्तकातून काढा.

रजा टाकायची असेल तर एकच टाका, पेपरच्या आदल्या दिवसाची. केंद्र संभाजीनगर किंवा नांदेड मिळालं असेल आणि पेपर सकाळचा असेल तर मुक्कामी जाऊन राहा. सकाळच्या गाडीवर विसंबू नका. क्रॉसिंगला ती कुठल्या स्टेशनात किती वेळ उभी राहील ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. प्रवेशपत्राची छापील प्रत, मूळ ओळखपत्र, पाण्याची बाटली. रात्री लग्नाच्या पंगतीचं जेवण टाळा, मे महिन्यात तो धोका खराच असतो.

बाहेर आल्यावर उत्तरं जुळवत फाटकाशी थांबू नका. पुढचा पेपर बाकी असेल तर परतीच्या गाडीत खिडकीची जागा धरा आणि त्याची वही काढा. संभाजीनगरहून निघालं की जालना जाईपर्यंत लाल ओळी एकदा वाचून होतात. सेलू येईपर्यंत दुसऱ्यांदा.