ऑडिटर म्हणजे ऐकणारा: आर्टिकलशिपला निघालेल्यांसाठी

आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीला, नवीन लागलेल्यांना वाटतं, ऑडिट म्हणजे व्हाउचरवर (व्यवहाराच्या पावतीवर) टिक मारणं. तेही करावं लागतंच. पण ऑडिटर हा मुळात लॅटिन शब्द, अर्थ 'ऐकणारा'. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनदाराचा कारभारी वर्षाचा हिशेब मोठ्याने सांगायचा आणि ऑडिटर तो ऐकून तपासायचा. लिहिता-वाचता येणारे थोडेच होते. आपल्या 'लेखापरीक्षक' किंवा जुन्या 'हिशेबतपासनीस' या शब्दांत कान कुठे नाहीत, आणि आपणही थेट कागदात डोकं घालतो.

कानांचं काम खरं पडतं ते स्टॉक मोजताना. एका कारखान्यात यादीप्रमाणे सगळे नग बरोबर भरले. कोपऱ्यात बेअरिंगची खोकी धूळ खात पडली होती. स्टोअरकीपर काकांना सहज विचारलं, "हे कधीपासून पडून आहे?"

"ते होय? ती मशिनच विकली की मागं. आता कोण विचारतंय त्याला!"

म्हणजे नग बरोबर, किंमत चूक. पुस्तकात खरेदीची पूर्ण किंमत होती. नियम सांगतो, खरेदी किंमत आणि विकून हाती येईल ती निव्वळ रक्कम, यांतली कमी असेल ती धरा.

पण काकांच्या बोलण्यावर वर्किंग पेपर, म्हणजे ऑडिटरच्या कामाच्या नोंदी, बंद करता येत नाहीत. एसए ५०० या ऑडिटच्या मानकानुसार नुसती विचारपूस हा सहसा पुरेसा पुरावा नसतो. म्हणून बिन कार्डावर (मालाच्या आवक-जावकीच्या कार्डावर) शेवटचा इश्यू, म्हणजे माल वापरायला दिल्याची नोंद, कधीची ते पाहिलं, फिक्स्ड अ‍ॅसेट रजिस्टरमधून (यंत्रं-इमारतींच्या नोंदवहीतून) मशिनच्या विक्रीची नोंद काढली, तिचं बिल मागवलं.

ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, शिकारी नव्हे, हे १८९६ च्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्यातलं वाक्य परीक्षेत सगळेच लिहितात. खटला स्टॉकचाच होता, हे मात्र विसरतात. मॅनेजरने फुगवून दिलेल्या स्टॉकच्या दाखल्यांवर ऑडिटर विसंबले होते आणि कोर्टाने त्यांना जबाबदार धरलं नाही. आज तेवढ्यावर भागत नाही. स्टॉकची रक्कम मोठी असेल तर एसए ५०१ प्रमाणे मोजणीला स्वतः हजर राहावं लागतं.

विचारण्याचीही एक पद्धत आहे. "हे बरोबर आहे ना?" म्हणालात की "हो" येणारच. त्यापेक्षा "माल आला की काय काय करता, दाखवा" म्हणा आणि गप्प बसा. गेटवरच्या वॉचमनशीही बोला. ३१ मार्चला रात्री कोणती गाडी माल घेऊन बाहेर पडली, हे त्याच्या रजिस्टरमध्ये असतं; ते विक्रीच्या बिलांशी ताडून पाहा, म्हणजे विक्री योग्य वर्षात धरली का ते कळेल.