“कशावरून आमच्याच मुलाचं?” असं विचारलं गेलं तर

भांडुपच्या त्या घरात आमच्यापुढे चहा ठेवता ठेवताच मुलाच्या आईने विचारलं, “ताई, कशावरून आमच्याच मुलाचं?” माझी भाची बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ सव्वा महिन्याचं. तिने मान वर केली नाही. उत्तर मीही दिलं नाही, कारण त्या दिवशी माझ्याकडे ते नव्हतं. आता आहे. म्हणून ज्या मुलीवर, ज्या आईवर किंवा मावशीवर ही वेळ येईल तिच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी महापालिकेत जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढली. वडिलांच्या नावाचा रकाना कोरा ठेवायचा म्हटलं की आयांचे हात कसे थरथरतात, ते मी खिडकीच्या आतून पाहिलंय. बाहेरच्या बाजूला उभं राहायची वेळ भाचीमुळे आली. ती आणि तो मुलगा जेमतेम चार महिने एकत्र होते. लग्न नाही, एका घरात राहणं नाही. दिवस राहिल्याचं कळलं आणि त्याने फोन उचलणं बंद केलं.

आमची पहिली चूक सांगते, कारण ती सगळ्यांकडून होते. आम्ही बैठका घेत बसलो. पाच महिन्यांत पाच बैठका झाल्या, आणि प्रत्येक बैठकीत विषय एकच, लग्न करणार की नाही. बाळाच्या दुधाचा, डॉक्टरचा खर्च कोण देणार हे कुणी विचारलंच नाही. लग्न हा त्या दोघांचा प्रश्न आहे. पोटगी हा बाळाचा हक्क आहे आणि तो आईबापाच्या लग्नावर अवलंबून नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 हे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं. त्यात अपत्य ‘औरस किंवा अनौरस’, म्हणजे लग्नातून झालेलं किंवा लग्नाबाहेर झालेलं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. अनौरस हा शब्द ऐकून माझी बहीण रडली होती. मी तिला म्हटलं, ताई, याच शब्दामुळे बाळाला हक्क मिळतोय, तो असू दे कागदावर.

आणि उशीर का करायचा नाही, तेही ऐका. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी राजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. बाळाच्या जन्मापासून आपोआप नाही. आमचे पाच महिने बैठकांत गेले. पुढे जी अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी ठरली ती महिना आठ हजार. म्हणजे बाळाचे चाळीस हजार आम्ही आमच्या हाताने घालवले.

बाळंतपण झालं की आधी जन्मनोंदणी करा. 21 दिवसांच्या आत ती फुकट होते. लग्न झालेलं नसेल आणि तो नाकारत असेल, तर त्याचं नाव रागाने किंवा आशेने लिहू नका. रकाना कोरा ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलंय की अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिलं तर जन्मदाखला द्यायलाच हवा. बापाचं नाव सांगा म्हणून तिला अडवता येत नाही. खिडकीवर कुणी अडवलंच तर शांतपणे हा निकाल सांगा आणि वरिष्ठांकडे जा. कोर्टाचा निर्णय झाला की नाव नंतर घालता येतं.

मग कागद गोळा करा. यात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे पहिली सोनोग्राफी. बायका ती टाकून देतात आणि शेवटची जपून ठेवतात. करायचं उलटं, कारण दिवसांचा हिशेब सुरुवातीच्या सोनोग्राफीत जास्त नेमका असतो. आमच्याकडे काय झालं ते सांगते. बाळ जन्मलं 10 जून 2025 ला. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं, 38 आठवडे. मुलाच्या काकांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, 38 आठवडे मागे मोजले आणि बोट ठेवलं 17 सप्टेंबर 2024 वर. अनंत चतुर्दशी. “आमचा मुलगा तेव्हा गावाला होता, गणपतीला. 22 तारखेला परत आला. हे बघा तिकीट.” आमची सगळ्यांची तोंडं बंद झाली. भाचीही गोंधळली. तिला स्वतःवर शंका यावी असं ते घडलं.

घरी येऊन मी आमच्या ओळखीच्या सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, अगं, आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ राहतो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे 17 सप्टेंबर ही पाळीची तारीख, आणि गर्भ राहिला तो ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांच्या आसपास. तेव्हा तो मुंबईतच होता आणि दोघं भेटत होते. त्यांच्याच तिकिटाने तो मुंबईत परत आल्याची तारीख पक्की झाली. हा दोन आठवड्यांचा हिशेब कागदावर मांडून वकिलाला द्या. समोरची बाजू हमखास हीच मोजणी पुढे करते.

फोनमधलं काहीही पुसू नका. ‘मला वेळ दे, घरी सांगतो’ हा त्याचा एक मेसेज आमच्याकडे होता आणि तो सगळ्यात कामाला आला. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी लागतो. फोन बदलायचा असेल तरी जुना विकू नका. त्याची नोकरी कुठे, पगार अंदाजे किती, गाडीचा हप्ता आहे का, हेही लिहून ठेवा.

अर्ज कुठे करायचा? मुंबईत वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात, वांद्रे-कुर्ला संकुलात. अर्जदार बाळ, आईमार्फत. तो जिथे राहतो त्या भागातल्या न्यायालयात जाणं सगळ्यात सुरक्षित. लग्न न झालेल्या आईने फक्त स्वतःच्या पत्त्यावर अर्ज केला तर अधिकारक्षेत्रावरून वेळ जाऊ शकतो, कारण कायद्यात तिथे पत्नीचा उल्लेख आहे. तो कल्याणला किंवा नाशिकला राहत असेल तर हे आधी वकिलाला विचारा. महाराष्ट्रात पोटगीच्या प्रकरणांत बायकांना कोर्ट फी माफ आहे, 1994 पासून. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन 15100.

आम्ही आधी ज्या वकिलांकडे गेलो ते म्हणाले, पहिली डीएनए होऊ दे, मग पोटगी मागू. हे ऐकू नका. एकाच वेळी तीन गोष्टी मागा. पोटगी, निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी, आणि डीएनए तपासणीचा आदेश. अंतरिम अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत निकाली काढावा असं कायदाच म्हणतो. साठ दिवस पाळले जातीलच असं नाही, पण वकिलाला ते न्यायाधीशांपुढे म्हणता येतं. अहवाल यायला महिने जातात, आणि तोवर बाळ उपाशी राहू शकत नाही.

दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. खर्च लिहिताना मोघम लिहू नका. भाचीने आधी ‘बाळाचा खर्च 15,000’ असं एका ओळीत लिहिलं होतं. मी तिला वही घेऊन बसवलं. डायपर 1,800. पावडरचं दूध 2,400. ती कामावर जाते तेव्हा सांभाळणाऱ्या बाईंचे 5,000. डॉक्टर आणि औषधं सरासरी 900. लसींसमोर शून्य लिहिलं, कारण त्या पालिकेच्या दवाखान्यात मोफत दिल्या होत्या. बेरीज झाली 10,100. कागदावर खरं शून्य असलं की बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

डीएनएबद्दल मोठा गैरसमज आहे की मागितलं की मिळतं. सर्वोच्च न्यायालय 1993 पासून सांगत आलंय की नुसत्या संशयावर अशी तपासणी सांगायची नाही, आधी प्रथमदर्शनी आधार दाखवा. म्हणून तर मेसेज, सोनोग्राफी, फोटो लागतात. आदेश होऊनही त्याने नकार दिला, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं, हे 2014 च्या निकालात आहे. नारायण दत्त तिवारी हे मुख्यमंत्री आणि राज्यपाल राहिलेले गृहस्थ. 2008 पासून पितृत्वाच्या दाव्यात टाळाटाळ करत राहिले, तरी शेवटी 2012 मध्ये रक्त द्यावं लागलं आणि ते बाप असल्याचं सिद्ध झालं.

बाई दुसऱ्या कुणाशी विवाहित असेल तर मात्र गोष्ट फार वेगळी होते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 प्रमाणे लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरतात, नवराबायकोला एकमेकांजवळ येणं शक्यच नव्हतं असं सिद्ध झालं तरच नाही. असं काही असेल तर पहिल्याच भेटीत वकिलाला सांगा, लाजू नका.

खासगी लॅबमध्ये गुपचूप करून घेऊ, असा निरोप आम्हालाही आला होता. नको. कुणाचा नमुना कुणी दिला याचा पुरावा राहत नाही. कोर्टाच्या आदेशाने होतं ते असं. सरकारी रुग्णालयात तिघांनी एकाच वेळी हजर राहायचं. प्रत्येकाच्या ओळख फॉर्मवर फोटो, आणि डॉक्टरांची सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. बाळाचा फोटो लागतो हे आम्हाला माहीत नव्हतं. स्टुडिओवाल्याने सात वेळा काढला, प्रत्येक वेळी डोळे मिटलेले. शेवटी त्याने टाळी वाजवली तेव्हा कुठे जमला. तेव्हा फोटो दोन दिवस आधीच काढून ठेवा आणि जन्मदाखला, आधार, कोर्टाचा आदेश यांच्या प्रती न्या. बाळाला तासभर आधी पाजून न्या. टाचेतून रक्त काढताना भाचीने डोळे मिटले, मी पाय धरला होता. माझ्या बोटांत तो पाय लिंबाएवढा. कुप्या आमच्यासमोर लाखेने सील झाल्या, त्यावर तिघांच्या बाजूने सह्या झाल्या. सील होईपर्यंत खोलीबाहेर जाऊ नका. नमुने कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. बाळाचे अर्धे गुणघटक आईचे असतात, उरलेले अर्धे त्या माणसात सापडले पाहिजेत. अनेक ठिकाणी जुळत नसतील तर तो बाप नाही. सगळीकडे जुळले तर अहवालात शक्यता 99.99 टक्के किंवा त्याहून जास्त अशी येते.

मधल्या काळात ते लोक 500 रुपयांचा स्टॅम्पपेपर घेऊन आले होते. दीड लाख घ्या आणि लिहून द्या की यापुढे बाळाचा काही हक्क नाही. बहीण डगमगली, घरभाडं थकलेलं होतं. मी नको म्हटलं. आईच्या सहीने बाळाचा पोटगीचा हक्क संपत नाही, पण तो कागद पुढे प्रत्येक तारखेला तोंडावर फेकला जातो. समझोता करायचाच तर न्यायालयात, समुपदेशकांसमोर करा.

पोलीस ठाण्यात आम्हाला एकाने सुचवलं, लग्नाच्या आमिषाची केस ठोका, घाबरून पैसे देईल. फसवणूक खरोखर झाली असेल तर ती तक्रार जरूर करावी, तो तिचा हक्क आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर तो गुन्हाच आहे आणि पोलिसांकडे जायलाच हवं. पण पोटगी काढून घेण्यासाठी खोटी तक्रार करू नका. भाची म्हणाली, त्याने मला लग्नाचं वचन दिलं नव्हतं, मी खोटं सांगणार नाही. मला तिचा अभिमान वाटला.

ज्या मुलाला अशी नोटीस येते त्यालाही सांगते. मनापासून शंका असेल तर पळू नकोस. हजर राहा आणि पहिल्याच उत्तरात स्वतः डीएनए माग. नोटीस टाळलीस तर एकतर्फी आदेश होतो आणि तो रद्द करून घ्यायला तीनच महिने मिळतात. काही द्यायचं झालं तर रोख नको, बँकेतून दे. आणि बाळाच्या आईबद्दल मित्रांच्या ग्रुपवर काही लिहू नकोस. ते वकिलाच्या फाइलला लागतं, आणि ते बाळ मोठं होऊन वाचू शकतं.

आदेश झाला म्हणजे पैसे येतीलच असं नाही. आमच्याकडे पहिले दोन महिने आले, तिसरा चुकला. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. वॉरंटनंतरही दिले नाहीत तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्याने थकबाकी माफ होत नाही. बाळ वाढतं तसा खर्च वाढतो, तेव्हा रक्कम वाढवून मागायला त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 146 आहे. बहिणीने आता रेशनकार्डाच्या पिशवीत एक वही ठेवलीय. दर महिन्याच्या 11 तारखेला पासबुक भरून आणते आणि आले असतील तर रक्कम, नसतील तर ‘नाही’ असं लिहून शेजारी तारीख टाकते. तिसऱ्या महिन्याचा वसुली अर्ज आम्ही त्याच पानाची झेरॉक्स जोडून केला.