जुन्या अमेरिकन फुटबॉलचा स्कोअर कसा वाचावा

आधी सामन्याचं वर्ष बघा, आकडा नंतर. 1883 च्या गुणपद्धतीत टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं) 2 गुण होते आणि फील्ड गोलला (लाथेने चेंडू गोलखांबांमधून मारणं) 5. खेळाचं नावच फुटबॉल, त्यामुळे लाथेचा मान मोठा! पुढच्या वर्षी टचडाउनचे 4 झाले, 1898 पासून 5, आणि 1912 पासून आजचे 6. फील्ड गोल 1904 मध्ये 4 वर आणि 1909 मध्ये 3 वर उतरला.

उदाहरणार्थ, 1902 चा रोझ बोल, हा कॉलेज संघांमधला सामना. मिशिगनने स्टॅनफर्डला 49-0 हरवलं. हिशोब असा: 8 टचडाउनचे 40, टचडाउननंतर मिळणाऱ्या जादा किकपैकी 4 यशस्वी, त्यांचे 4, एका फील्ड गोलचे 5. आजच्या दराने हेच 55 होतात. इथे हमखास चूक होते ती 49 ला सरळ 7 ने (आजच्या टचडाउनचे 6 आणि किकचा 1) भागण्याची.

मग डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचे प्रयत्न, मोजा. 1882 पासून 3 डाउनमध्ये 5 यार्ड पुढे जावं लागे, 1906 पासून 3 मध्येच 10 यार्ड, 1912 पासून 4 मध्ये 10. फॉरवर्ड पासही (चेंडू हाताने पुढे फेकणं) 1906 चाच. त्याआधीच्या वर्णनात 'पास' दिसला तर तो बाजूला किंवा मागे दिलेला समजावा.

'टचडाउन' शब्द रग्बीच्या काळातला आहे, तेव्हा चेंडू खरोखर जमिनीला टेकवावा लागे. आता चेंडूने गोलरेषेचं प्रतल छेदलं तरी पुरतं, नाव मात्र तेच.