गावाचा पाणी आराखडा करायला बसण्याआधी

मागच्या आराखड्यात आम्ही सगळा हिशेब दुष्काळाचा मांडला आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, विसरलो. एका रात्रीत बांध गेला, खालची रानं खरवडली. तुमच्या गावात तसं नको.

शिवाराचा नकाशा, गट नंबर, ठराव हे सांगायला नको. पावसाच्या नोंदी आपल्या महसूल मंडळाच्याच घ्या. जिल्ह्याची सरासरी कागदावर भरते आणि पावसाच्या मधल्या खंडात सोयाबीन करपून जातं. विहिरींची पातळी मार्च-मेची बघा, दिवाळीला सगळ्याच भरलेल्या दिसतात.

आता सांडवा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. एवढा पाऊस एका हेक्टरवर साडेसहा लाख लिटर पाणी टाकतो, १०० हेक्टरवर साडेसहा कोटी. निम्मं मुरलं धरा. उरलेलं कुठून जाणार, हे प्रत्येक कामापुढं लिहून घ्या. 'जाईल की ओढ्याला' हे उत्तर नाही. कोणत्या गटातून, किती रुंदीनं, आणि त्या गटाच्या मालकाला विचारलंय का? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते सगळ्यांच्या ध्यानात आहे; २०२५ च्या सप्टेंबरात परंड्याकडं सीना नदीकाठची रानं पाण्याखाली गेली तोही मराठवाडाच.

कामं माथ्याकडून खाली धरा: समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), बांधबंदिस्ती, मग नाला. लोक थेट खोलीकरणावर उड्या मारतात, कारण पोकलेन दिसतो, चर दिसत नाही. खालचा कातळ तर फोडूच नका, मुरलेलं पाणी उघडं पडतं. शेततळं बोअरच्या पाण्यानं भरायचं असेल तर यादीतून काढा. जमिनीतलं पाणी वर आणून उन्हात वाळत घालायचा तो उद्योग. सोयाबीन बीबीएफवर, म्हणजे रुंद वाफा आणि बाजूला सरी अशा पद्धतीनं, पेरा. खंड पडला तर सरीत ओल टिकते, जास्त झालं तर तीच सरी पाणी बाहेर काढते. पण सरीचं तोंड कुठं उघडतंय? बघा, पुन्हा सांडवाच.

उसाचा विषय काढला की सभा मोडते. तरी काढा.

गाळ कोण काढणार, त्याचं नाव लिहा. पैसे कुठून, तेही. बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) विचारा. बिलावर सही मात्र सांडवा जागेवर जाऊन बघितल्यावरच.