फोन चार्जिंगला लावला, एवढ्या एका वाक्यात अर्धं टर्किश

माझा मामेभाऊ बोटीवर असतो आणि तिथल्या एका टर्किश पोराशी त्याची एवढी गट्टी जमलीय की आमच्या गुहागरच्या घरी व्हिडिओ कॉल आला की तो पण मागून डोकावतो. एकदा हा पोरगा मध्येच उठून गेला, परत येऊन भावाला काहीतरी बोलला, मी विचारलं काय म्हणतोय रे, तर भाऊ म्हणे काय नाय, फोन चार्जिंगला लावला म्हणतोय. मूळ वाक्य होतं "तेलेफोनु शार्जा ताक्तम". तीन शब्द, आपले पण तीनच, आणि क्रमसुद्धा तोच! मी तेव्हापासून या एकाच वाक्याला चिकटून बसलोय, तुम्ही पण तसंच करा, पुस्तकातले तक्ते नंतर.

आधी वहीत वाक्य लिहा आणि पेन्सिलने तुकडे पाडा: तेलेफोन-उ, शार्ज-आ, ताक-त-म.

सोपा तुकडा पहिला. शार्ज हा फ्रेंचमधून आलेला चार्जच, आणि "आ" म्हणजे आपला "ला". झालं. फक्त हा "आ" आधीच्या स्वराकडे बघून रंग बदलतो, आधी आ, ओ, उ असेल तर आ, आणि ए किंवा इ असेल तर ए. सराव आपल्या गावांवर करा, एसटीच्या पाट्या वाचत: चिपळूणला जायचंय तर चिपळूणा, गुहागरला गुहागरा, पण दापोलीला दापोलीये, कारण शेवटी ई आहे आणि दोन स्वर आपटू नयेत म्हणून मध्ये य घुसतो. आणि आपण वेंगुर्लेचं वेंगुर्ल्याला करतो ना, ती सामान्यरूपाची भानगड तिकडे नाही, मूळ शब्द बहुतेक वेळा आहे तसाच राहतो.

आता तेलेफोनुमधला "उ", इथे जरा थांबा. हा उ सांगतो की कुठलातरी फोन नाही, तो ठरावीक फोन. "तेलेफोन आल्दम" म्हणजे फोन घेतला, कुठला का असेना, आणि "तेलेफोनु आल्दम" म्हणजे तो आपला बोलणं झालेला फोन घेतला. मराठीत वस्तूंना आपण असं करत नाही पण माणसांना करतो की! "काकू मुलगी शोधतायत" म्हणजे घरात लग्नाचं चाललंय, आणि "काकू मुलीला शोधतायत" म्हणजे पोरगी जत्रेत हरवलीय. बस, तोच फरक.

ताक म्हणजे लाव, अडकव (प्यायचं नव्हे). त म्हणजे झालेलं काम, म म्हणजे मी. त आणि म च्या मध्ये एक स्वर आहे तो देवनागरीत नाहीच, मी अ वर भागवलंय. उ म्हणा पण ओठ गोल न करता हसल्यासारखे ताणून, तो येतो. त्यांच्या लिपीत तो बिनटिंबाचा आय, 1928 साली अरबी लिपी सोडून रोमन घेतली तेव्हापासून टिंबवाला आणि बिनटिंबाचा ही दोन वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे कीबोर्ड टर्किशच टाका.

मराठी माणूस अडकतो तो पुढे. आपण फोन लावला, गाडी लावली, असं वस्तूप्रमाणे बदलतो, ते लोक फक्त लावणाऱ्याकडे बघतात. मी ताक्तम, तू ताक्तन, आणि तो किंवा ती, दोघांना ताक्त. लिंग नाहीच, सुटलो! आणि ताक्तन ऐकलं की मला आपला "लावलास" मधला स आठवतो.

मग एकेक तुकडा बदलत जा. लावलास का? ताक्तन म? तो म शब्दाच्या मागे सुटा लिहायचा, अगदी आपल्या "का" सारखा. लावला नाही, ताकमादम, म्हणजे नकार शब्दाच्या पोटात. आणि माझं लाडकं रूप, रात्री फोन लावून झोपलात, सकाळी बघता तर चार टक्के, पिन बाहेर लोंबतेय. "अरे, लावलाच नव्हता की मी!" हे सगळं एका शब्दात: ताकमामशम. तो मधला "मश" म्हणजे आत्ता कळलं, आणि दुसऱ्याबद्दल बोलताना आपलं "म्हणे".

एक खड्डा सांगून ठेवतो. पहिल्या पावसात आमच्याकडे लाईट गेली, मी ऐटीत त्या पोराला मेसेज टाकला, "एलेक्त्रिक्लेर गेल्दि". तिकडून टाळ्या, नाचणारी बाहुली, अभिनंदन. कारण गेल म्हणजे ये! गेल्दि म्हणजे आली, गेलीला गित्ति. मी अंधारात पाच टक्के बॅटरीवर बसलेलो आणि तो विचारतोय, मग आता फोन चार्जिंगला लावलास का?