घरच्या घरी खत करताय? या चुका टाळा

5 जूनला पर्यावरण दिन आला की सोसायट्यांमध्ये खताच्या बादल्या वाटल्या जातात. गणपती येईपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा बाल्कनीच्या कोपऱ्यात उपड्या पडलेल्या असतात. "वास येतो हो, आम्हाला नाही जमत," असं म्हणून माणसं मोकळी होतात. अशा कितीतरी बादल्या मी उघडून पाहिल्या आहेत. बिघाड जवळजवळ नेहमी तोच असतो आणि तो काढायला एक पैसा लागत नाही, म्हणून जास्त जीव तळमळतो.

सुकं न घालणं

साली, देठं, सडका टोमॅटो रोज टाकत राहायचं, वरून विरजणाची, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची, पावडर भुरभुरवायची आणि झाकण लावायचं, एवढंच बहुतेकांना सांगितलेलं असतं. आठवडाभरात तळाशी काळं पाणी साचतं आणि वर नासक्या अंड्यासारखा वास सुटतो. भाजीच्या सालींत बहुतांश पाणीच असतं. त्या दबल्या की मधली हवा संपते आणि हवेवाचून जगणारे जिवाणू ताबा घेतात. दुसरं कारण कार्बन आणि नत्राचं. जिवाणूंना एक भाग नत्रामागे 25 ते 30 भाग कार्बन हवा असतो. भाजीपाल्यात तो 15 ते 20 भागांच्या आसपास असतो, वाळक्या पानांत 40 ते 80. सुकं, म्हणजे असा वाळका पाला, नसेल तर जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडतं. नाकाला झोंबणारा वास येतो तो त्याचाच. विरजण कितीही महागाचं घेतलंत तरी हे गणित बदलत नाही.

मी जेवढं ओलं तेवढंच सुकं घालते, त्याच डब्याने मोजून. वजनकाटा, तक्ते यांची मला कधी गरज पडली नाही. मधूनमधून मिश्रणाची मूठ दाबून बघायची. एखाददुसरा थेंब निघाला तर ठीक, धार लागली तर आणखी पाला.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2019 मध्ये मानवी देहाचं खत करायला कायद्याने परवानगी दिली, तेव्हा ती बातमी वाचून लोकांनी नाकं मुरडली. मी मात्र त्यातली कृती वाचली. देहाच्या खालीवर लाकडाचे तुकडे, लसूणघास आणि पेंढा भरपूर घालतात. तिथेही सुक्याशिवाय चालत नाही, मग आपल्या दुधीच्या सालींना कसं चालेल?

आणि म्हणूनच जूनमध्ये सुरुवात करणं मला पटत नाही. ऐन पावसात कोरडा पाला आणणार कुठून? पिंपळाची, बदामाची पानं उन्हाळ्याच्या तोंडाला गळतात. तेव्हा आपण ती झाडून कोपऱ्यात काडी लावतो. घनकचरा नियमांत कचरा जाळायला मनाई आहे, तरी हे चालूच आहे. सफाईवाल्या मावशींना आधी सांगून ठेवा, दोन-तीन गोण्या भरून घ्या, कोरड्या जागी ठेवा. पाला अजिबात नसेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) किंवा लाकडाचा भुसा चालतो.

"चोवीस तासांत खत"

या तीन शब्दांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं कशाने केलं नसेल. ओळखीच्या एका सोसायटीने मोठी रक्कम मोजून असं यंत्र घेतलं. सकाळी ओला कचरा टाकायचा, दुसऱ्या दिवशी तपकिरी भुगा हातात. भाजलेल्या डाळीसारखा खमंग वास, कमिटी खूश. मे महिन्यात तो सगळा भुगा गुलाबांच्या आणि जास्वंदीच्या आळ्यांत हातभर जाडीने पसरला. पहिला पाऊस झाला आणि भुगा फुगला. दोन दिवसांत त्यावर पांढरी बुरशी, मग चिकट लगदा, मग असा वास की तळमजल्याच्या लोकांनी खिडक्या बंद केल्या. पाठोपाठ उंदीर आले. गुलाबांची पानं खालून पिवळी पडत गेली.

यंत्राने कचरा तापवून वाळवला आणि दळला होता, कुजवला नव्हता. पाणी मिळताच कुजणं सुरू झालं, तेही थेट मुळांशी. कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आणि प्राणवायू ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. मी त्यांना आळी उकरायला लावली. सगळा लगदा जाळीच्या पिंजऱ्यात पाल्याबरोबर थर देऊन रचला, शेणकाला शिंपडला. दिवाळीच्या सुमारास त्याचं खरं खत झालं. यंत्र असेल तर त्यातला भुगा कच्चा माल समजा आणि पुढे दोन-तीन महिने कुजू द्या. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी ओला कचरा वेगळा करून कचरावेचकांच्या हाती द्यावा, तेही चांगलंच काम आहे.

अळ्या दिसल्या की फिनेल

हे वाचूनच अंगावर काटा येतो. बादलीतल्या जाड, करड्या, चपट्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्याने संपवतात, आणि त्यांची पूर्ण वाढलेली माशी घरमाशीसारखी आपल्या अन्नावर बसत नाही. फिनेल किंवा रॉकेल ओतलंत की अळ्यांबरोबर सगळे उपयोगी जिवाणूही मेले. अळ्या नकोशा वाटत असतील तर पाला वाढवा आणि प्रत्येक वेळी ओला कचरा पूर्ण झाका. चिलटांनाही हाच उपाय.

आता बारीकसारीक. पिळलेली लिंबं ढिगाने टाकू नका. तेलकट भाजी, मटणाची हाडं नवशिक्यांनी टाळावीत. चहाचा चोथा धुऊन घाला, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात. अंड्याची कवचं चुरून टाका. गांडुळं विकत आणून गरम बादलीत सोडू नका, 35 अंशांच्या वर ती तग धरत नाहीत. खालचं काळं पाणी दसपट पाणी घालूनच मोठ्या झाडाला द्या.

"कंपोस्टेबल" छापलेल्या पिशव्यांबद्दल मात्र स्पष्ट सांगते. त्यांची चाचणी औद्योगिक प्रकल्पातल्या साधारण 58 अंश तापमानाला होते. आपल्या बादलीला तेवढी उष्णता टिकवता येत नाही, त्यामुळे त्या बऱ्याचदा तशाच्या तशा सापडतात. कचरा साध्या डब्यातून न्या.

शेवटची चूक घाईने खत काढण्याची. काळं दिसलं म्हणजे झालं असं नाही. मूठभर ओलसर खत घट्ट बंद पिशवीत काही दिवस ठेवा. उघडल्यावर आंबट वास आला तर ते कच्चं आहे. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर त्यात थोडी माती मिसळून मेथी पेरा. मेथी नीट उगवून हिरवी राहिली की खुशाल कुंड्यांना द्या. उगवलीच नाही किंवा पिवळी पडली, तर सगळं परत बादलीत, पाल्यासकट, आणखी महिनाभर.