रंगीत कामासाठी छोटं ऑफसेट मशीन घेताय? या चुका टाळा

मशीन पाहायला गेलं की विकणारा हमखास दोनच गोष्टी सांगतो: तासाला किती कागद निघतात आणि मशीन किती रंगांचं आहे. चार रंगांचं काम चांगलं येणं या दोन्हींवर फारसं अवलंबून नसतं. पुढच्या रंगासाठी दुसऱ्यांदा घातलेला कागद पहिल्याच जागेवर येऊन थांबतो का, आणि प्लेटवर (छपाईची आकृती जिच्यावर असते ती) शाई सगळीकडे सारखी बसते का, हे खरे प्रश्न. फसगत होते ती इथेच.

काळ्या मजकुराचा नमुना पाहून मशीन पसंत करणं

एकरंगी मजकूर अर्धा मिलिमीटर सरकला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. १७५ लाइन स्क्रीनला (इंचात ठिपक्यांच्या १७५ ओळी) मात्र ठिपक्यांच्या दोन ओळींतलं अंतर जेमतेम ०.१४५ मिमी असतं. ०.१ मिमीचा फरक पडला तरी फोटोतला चेहरा धूसर होतो आणि रंगीत पट्टीतल्या पांढऱ्या अक्षरांना कडा सुटतात.

म्हणून चाचणीची प्लेट स्वतःच करून न्या. चारही कोपऱ्यांत आणि मधोमध ०.१ मिमी जाडीच्या रेघांच्या फुल्या, बाकी प्लेट जवळपास रिकामी, म्हणजे ओली शाई पुसली जाण्याची भानगड नाही. १३० जीएसएम आर्ट पेपरचे २०० कागद कामाच्या वेगाने छापा. मग प्लेट, ले (कागद समोरून आणि बाजूने नेमक्या जागी थांबवणारे अडसर), इम्प्रेशन (छपाईचा दाब) कशालाही हात न लावता तेच कागद, तीच बाजू ग्रिपरकडे (कागद पकडून ओढणाऱ्या चिमट्यांकडे) ठेवून, पुन्हा घाला. दर दहावा कागद काढून १० पट भिंगाखाली धरा. रेघेवर रेघ बसली, एकच रेघ दिसली, तर रजिस्टर, म्हणजे एका छपाईवर दुसरी नेमकी बसणं, पक्कं.

दोन रेघा दिसल्या तर त्या कशा दिसतात ते महत्त्वाचं. सगळ्या कागदांवर फरक सारखाच असेल तर घाबरू नका, ते सेटिंगने जातं. ग्रिपरकडच्या फुल्या कागदागणिक वर-खाली होत असतील तर फ्रंट ले, फीडरची (कागद आत सोडणाऱ्या भागाची) वेळ किंवा झिजलेले ग्रिपर यांत दोष आहे. डावी-उजवी हालचाल साइड लेची. ३००० च्या वेगाला ठीक आणि ६००० ला हलतंय, असं झालं तर कागद लेवर आपटून मागे उसळतोय. ग्रिपरकडे अचूक आणि फक्त शेपटीकडे, म्हणजे विरुद्ध टोकाला, फरक असेल, तर मशीनला दोष देण्याआधी कागद पाहा: त्याने पाणी पिऊन अंग सोडलेलं असतं. ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) सिलिंडरच्या लांबीला समांतर ठेवा, खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखा आणि दोन फेऱ्यांमध्ये थप्पी प्लास्टिकने गुंडाळून ठेवा.

“दोन रंगांचं आहे” एवढ्यावर भुलणं

दोन रंग कसे पडतात ते विचारा. टी-हेड पद्धतीत दुसऱ्या रंगाची प्लेट आणि रोलर वेगळे असतात, पण दोन्ही शाया एकाच ब्लँकेटवर (प्लेटवरची शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी चादरीवर) येतात. लेटरहेडवरचा लाल लोगो आणि काळा पत्ता यांसाठी झकास. सायनवर (निळ्यावर) मॅजेंटा (गुलाबी) चढवायचा असेल तर शाया ब्लँकेटवरच एकमेकींत मिसळतात. प्रत्येक रंगाला स्वतंत्र ब्लँकेट असेल तेच चार रंगांच्या कामाचं खरं दोनरंगी मशीन. टी-हेड आणि मजबूत एकरंगी मशीन यांतलं एक निवडायचं झालं, तर आम्ही डोळे मिटून एकरंगी घ्यायला सांगू. चार फेऱ्या होतील, वेळ जाईल, पण रंग हातात राहील.

रोलर न मोजणं

अगदी हलक्या मशीनवर प्लेटला शाई देणारे फॉर्म रोलर दोनच असतात. रंगीत कामाला तीन, शक्यतो चार हवेत, आणि तेही वेगवेगळ्या व्यासाचे. कारण साधं आहे: रोलरचा घेर प्लेटपेक्षा लहान असतो. पहिल्या फेऱ्यात सॉलिडने (सलग भरीव रंगाच्या भागाने) त्याच्यावरची शाई ओढून घेतली की पुढच्या फेऱ्यात त्या जागी तो अर्धपोटी येतो, आणि पुढच्या सॉलिडमध्ये आधीच्या आकृतीची फिकट सावली उमटते. यालाच घोस्टिंग म्हणतात. व्यास वेगवेगळे असले की ही सावली विखुरते आणि डोळ्यांना जाणवत नाही.

चाचणीला ग्रिपरकडून तीन उभ्या जाड पट्ट्या आणि त्यांच्याखाली कागदभर एक आडवी सॉलिड पट्टी छापा. आडव्या पट्टीत तीन फिकट डाग दिसले तर ते मशीन ब्रोशरचं नाही.

जुन्या मशीनचे रोलर ड्युरोमीटरने (रबराचा कडकपणा मोजणाऱ्या उपकरणाने) तपासा. नवीन रबर साधारण २५ ते ३५ शोअर-ए भरतं. ४५ च्या पुढे गेलेले रोलर चकचकीत दिसले तरी बदलावेच लागतात, तेव्हा तो खर्च किमतीत धरा. प्लेटवर फॉर्म रोलरचा पट्टा ३ ते ४ मिमी रुंद आणि दोन्ही टोकांना सारखा पडला पाहिजे.

पाण्याची व्यवस्था दुय्यम मानणं

शाई आणि प्लेटचा कोरा भाग शाईपासून राखणारं पाणी एकाच रोलरमालिकेतून जाणारी पद्धत मजकुराला सोयीची असते. मोठं सॉलिड आलं की पाणी वाढवावं लागतं, शाई पाणी शोषते आणि रंग फिका, धुतल्यासारखा दिसतो. चालवणारा मग शाई वाढवतो, तर प्लेट घाण धरते, म्हणून पुन्हा पाणी. स्वतंत्र डॅम्पनिंग (प्लेटला पाणी देणारी यंत्रणा) असलेलं मशीन घ्या. फाउंटन सोल्यूशनचा, म्हणजे या पाण्याच्या द्रावणाचा, पीएच ४.८ ते ५.५ मध्ये ठेवा आणि तो पट्टीने मोजा, जिभेने नाही.

पट्टे दिसले की गिअर गेले असं समजणं

सॉलिडमध्ये आडवे पट्टे दिसले तर पट्टी लावून अंतर मोजा. सारख्या अंतरावर असतील आणि ते गिअरच्या दोन दातांमधल्या अंतराएवढं असेल, तर संशय गिअरवर घ्या. तरीही आधी प्लेट आणि ब्लँकेटखालचं पॅकिंग (जाडी भरून काढणारे कागद) मायक्रोमीटरने तपासा, कारण जास्त पॅकिंगनेही हेच होतं. एकच पट्टा दर कागदावर ठरावीक जागी येत असेल तर फॉर्म रोलर फार दाबून बसवलेला असतो आणि सिलिंडरच्या खाचेवर उसळतो. पहिला दोष सौदा मोडण्याजोगा असू शकतो, दुसरा पान्याने सुटतो.

मशीनचा आकार आणि कामाचा आकार एकच धरणं

कडेपर्यंत रंग असलेलं ए३ काम म्हणजे २९७ × ४२० नाही. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (नंतर कापून टाकायची जादा छपाई) धरून ते ३०३ × ४२६ होतं; त्यात ग्रिपरचे १० आणि कलर बारचे (रंग तपासायच्या पट्टीचे) ६ मिळवले की ३१९ × ४२६. ३२० × ४५० चा कागद जेमतेम पुरतो. हायडेलबर्ग जीटीओ ५२ सारखं ३६ × ५२ सेमीचं मशीन इथे मोकळेपणा देतं. कागदाच्या कमाल आकाराबरोबर कमाल छपाईक्षेत्रही विचारा, ते नेहमी कमी असतं.

पॉलिस्टर प्लेटवर चार रंगांचं रजिस्टर बसवण्याचा आग्रह धरू नका, ती ताणली जाते. ०.१५ मिमीची अॅल्युमिनियम प्लेट आणि पिन बार (प्लेट नेमकी बसवणाऱ्या पिनांची पट्टी) हवेत, आणि प्लेट करणाऱ्याचा भोकं पाडायचा पंच त्या पिनांशी जुळतो का हे आधीच पाहा. डिलिव्हरी (छापलेले कागद बाहेर आणणारा भाग) साखळीची आणि पावडर स्प्रे असलेली घ्या. नाहीतर आर्ट पेपरवरची ओली शाई वरच्या कागदाच्या पाठीवर उतरेल.

मशीन तुमच्या जागी आलं की बसवणाऱ्याला लेव्हल लावायला सांगा. फ्रेम किंचित पिळली तरी रजिस्टर हलतं. जुन्या जागी घेतलेली दोन फेऱ्यांची चाचणी इथे पुन्हा घ्या आणि शेवटचे पैसे ते कागद भिंगाखाली पाहिल्यावरच द्या.